कुटुंब सात

“मंग मंगळूनं दुसरी बायको केली, तं पोर बरं निघंल का?”

सोमीबाईनं इतकं सरळ विचारलं, की डॉक्टर तेजल पगारेच्या हातातला चहाचा पेला अर्ध्यावरच थांबला. उत्तर तिला माहीत होतं. ते द्यायचं नव्हतं.

सुरगाण्यापासून जीपनं तासभर आत असलेल्या या पाड्यावर ती दुसऱ्यांदा आली होती. पहिल्यांदा आली ती रक्ताचे नमुने न्यायला. सोमीबाईचा मुलगा मंगळू, त्याची बायको झुंबर आणि त्यांची पाच वर्षांची मैना. मैनेचं डोकं अजून तान्ह्या बाळाएवढंच होतं. बोलणं नाही. आईचा आवाज ओळखायची, कोंबडी दिसली की टाळ्या पिटायची, तेवढीच तिची समज. नाशिकला नेऊन तिच्या मेंदूचा फोटो काढला. घडण शाबूत होती, आकार मात्र निम्म्याहून कमी. मग पुण्याच्या प्रयोगशाळेत तेजल त्या रक्ताच्या मागेच लागली आणि शेवटी दोष सापडला. पोटात असताना मेंदूच्या पेशी वाढवणारं जे जनुक, त्यात एका अक्षराची चूक होती.

शोधनिबंध स्वीकारला गेला. तिच्या प्रयोगशाळेच्या सरांनी पेढे वाटले. निबंधात या माणसांचं नाव होतं ‘कुटुंब सात’.

तेजलला मात्र कुठंच चैन पडेना. नाशिकरोडला आईवडिलांकडे राहायला आली, तर जेवता जेवता उठून गॅलरीत जाऊन उभी राहायची. टीव्ही लावायची, बंद करायची. नमुने घेतले त्या दिवशी झुंबरनं तिला कानाशी येऊन विचारलेलं तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

“ताई, रगतात गिराण दिसतं का वो?”

नव्व्याण्णव सालच्या सूर्यग्रहणाच्या दिवशी पोटुशी झुंबर विळ्यानं बांधावरचं गवत कापत होती. मैना अशी जन्मली ती त्यामुळंच, हे पाड्यानं ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून सासू तिला टोचून खायची आणि मंगळूनं तर धड बोलणंच टाकलं होतं.

“आपण नमुने घेतो, तेजल. लोकांचे संसार लावत नाही,” सरांनी समजावलं होतं. तरी ती आली.

आणि आल्या आल्या तिनं अंगणात बसून सांगून टाकलं. ग्रहणाचा काही संबंध नाही. एक दोष झुंबरकडे आहे, अगदी तस्साच मंगळूकडे. झुंबर त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी, म्हणजे दोघांना तो एकाच आजी-आजोबांकडून आला. एकट्याकडचा दोष झोपून राहतो. दोघांकडचे एका पोरात उतरले, की असं होतं.

नागली पाखडणाऱ्या झुंबरचं सूप हातातच राहिलं. तेजलला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. पण ते क्षणभरच. कारण सोमीबाईनं लगेच तो दुसऱ्या बायकोचा प्रश्न काढला. पेठ तालुक्यातली एक मुलगी तिनं बघून ठेवली होती. येत्या बाजाराच्या दिवशी मुलीकडची मंडळी येणार होती.

‘सांगता येत नाही’ म्हणणं सोपं होतं. पण ज्या खऱ्यानं झुंबरच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं, तेच खरं आता लपवायचं कसं?

“हो,” तेजल म्हणाली. “नात्याबाहेरची असेल तर बहुतेक बरं निघेल.”

“आयकलास ना रे?” सोमीबाई लेकाकडं वळली.

मंगळू मान खाली घालून बसला होता. तेजलला वाटलं, झुंबरची सवत आपणच जीपमध्ये घालून आणली.

झुंबरनं सूप खाली ठेवलं. “ताई, आनि मी दुसरा नवरा केला तं?”

सोमीबाईनं चमकून सुनेकडं बघितलं.

“तं माझं पन पोर बरं निघंल ना?”

ती चेष्टा नव्हती. न पटलं तर बाईनं घर सोडावं, दुसरं मांडावं, ही त्यांच्या जमातीत चालत आलेली रीत होती. सोमीबाईला ते पक्कं ठाऊक होतं.

“हो,” तेजल म्हणाली. “तुमचंही.”

मंगळूनं मान वर केली. आधी बायकोकडं बघितलं, मग तेजलकडं.

“ताई... आनि आमचा संसार आमीच ठेवला तं?”

तेजल ओशाळली. हे उत्तर तर पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं. पण विचारलं नव्हतं कोणी, आणि सोमीबाईच्या प्रश्नानं गडबडून आपण होऊन सांगायचं तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“चारातली तीन बरी निघू शकतात,” ती म्हणाली. “एक मैनेसारखं. दर खेपेला ही भीती राहणारच.”

“तीन?”

“तीन.”

मंगळू सरसावून बसला. मग आईला म्हणाला, “आये, त्या लोकांना येऊ नका म्हून निरोप धाड.”

सोमीबाई उसळून काही बोलणार, तेवढ्यात झुंबर उठली. तिनं जमिनीवर बसलेल्या मैनेला उचललं. तेजलला वाटलं, आता ही लेकीला घेऊन घरात जाईल आणि दार लावून घेईल. पण झुंबरनं मैनेला नेऊन मंगळूच्या मांडीवर ठेवलं. तो गांगरला. एवढंसं ते डोकं कुठं टेकवावं, त्याला कळेना.

“आधी हिला धराया शिक,” झुंबर म्हणाली. “पुढचं बी असंच निघालं तं?”