मालकाची संमती

तळ्यांवरच्या बर्फाची जाडी सांगणारं आमचं ॲप माझ्या नवऱ्याच्या, राइमोच्या नावावर होतं. जानेवारीत बर्फ फुटून तो तळ्यात गेला. ना तो सापडला, ना खिशातला कंपनीचा फोन.

मे महिन्यात मी खातं माझ्या नावावर करायचा अर्ज भरला. ‘मालक मयत’वर खूण करायला हात धजला नाही. ‘मालकाची संमती आहे’वर केली.

आठवड्याने ॲप स्टोअरच्या बाईंचा फोन आला. "तुइरेबाई, झालं तुमचं काम. नियमाप्रमाणे कंपनीच्या नंबरवर फोन केला होता. मालकांनी लगेच उचलला, हो म्हणाले."

खिडकीबाहेर तळ्याच्या लाटांवर ऊन पडलं होतं.

"आणखी काही बोलले?"

"तुम्ही जेवता ना वेळेवर, विचारत होते. आणि वर अजून बर्फ आहे का."