चालकाचं नाव

“विम्याच्या फॉर्मवर चालक म्हणून माझंच नाव घालतो,” गॅरेजमध्ये वाकलेल्या हँडलकडे बघत नवरा हेमलताला म्हणाला. “बायको मोटरसायकल चालवत होती आणि मी मागे बसलो होतो, हे चारचौघांत कसं दिसेल?”

तिच्या कोपराची पट्टी अजून ओली होती. आडव्या आलेल्या कुत्र्याला चुकवून तिनेच गाडी सावरली, म्हणून दोघांचं खरचटण्यावर निभावलं होतं. पण मेकॅनिकसमोर तमाशा नको, म्हणून तिने पेन त्याच्या हातात दिलं.

आठवड्याने विमा कंपनीचा माणूस घरी आला. “क्लेम नामंजूर झालाय, साहेब. अपघाताच्या दिवशी चालकाचं, म्हणजे तुमचं, लायसन्स संपलेलं होतं.”

हेमलताचं लायसन्स पर्समध्येच होतं, अजून सहा वर्षं चालणारं. ती तोंड उघडणार तोच नवऱ्याने डोळे वटारले. सही करून दिलेला जबाब आता फिरवला, तर त्याचा खोटेपणा उघडा पडला असता.

संध्याकाळी जिन्यात शेजारच्या काकांनी विचारलं, “काय हो, विम्याचं काय झालं?”

“कसलं काय!” नवरा तिच्यादेखत मोठ्याने म्हणाला. “हिच्या हातात गाडी दिली होती ना, मग दुसरं काय होणार!”