आजोबांची मंजुरी

"सर, हे 'आजोबा' म्हणजे नक्की कोण?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून भिंगरीने भर वर्गात विचारलं. मागच्या बाकावर तिघी तोंडात रुमाल कोंबून बसल्या होत्या. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीलासुद्धा पुटपुटायची. आता तिचा आवाज पार दारापर्यंत पोचायचा.

कॉम्प्युटरच्या सरांची कळी खुलली. हा त्यांचा लाडका विषय. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कुणीही उघडावं आणि आत काय लिहिलंय ते वाचावं, असं. नवं काही हवं असेल तर पॅकेज मॅनेजरला सांगायचं, तो हवं ते आणि त्याच्यामागून लागणारं सगळं आणून बसवतो. प्रत्येक पॅकेजला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एकेका गठ्ठ्याला, एक राखणदार असतो, हौसेने राबणारा; त्याने वाचून मंजुरी दिल्याशिवाय त्यात कुणाचाही बदल शिरत नाही. लाकूड कापायच्या यंत्रांच्या पॅकेजचा जो राखणदार, त्याला इंटरनेटवर सगळे आजोबा म्हणत, कारण चूक दिसली की तो भल्याभल्यांची चंपी करायचा. त्याला कुणी पाहिलेलं नाही, पण साठी उलटल्याशिवाय माणूस इतकं खडूस लिहूच शकत नाही, असं सर म्हणाले. मागचा बाक फिसकन हसला आणि तासभर उभा राहिला.

त्याच दुपारी काकाचा हात करवतीत गेला.

लाकडाची वखार भिंगरीच्या बाबांची आणि काकाची. करवतीच्या यंत्रावर सकाळीच त्याच पॅकेजचं नवं अपडेट आलं होतं. फळी अडकली म्हणून काकाने थांबवायचं बटण दाबलं, पातं थांबलं, त्याने आत हात घातला. मग पातं आपलं आपण फिरलं. भुशात पडलेली बोटं बाबांनी ओंजळीत गोळा केली. डॉक्टरांनी ती नुसती पाहिली आणि झाकून ठेवली.

बाबांनी सरांना वखारीत ओढून आणलं. भिंगरी दाराशी उभी होती, भुशावरच्या लाल डागाकडे बघत. सरांनी यंत्राचा पडदा तपासला आणि ते हबकले. अपडेटच्या पाठीवर बसून एका कंपनीच्या सॉफ्टवेअरचा बंद तुकडा आत आला होता. आत नुसता आकड्यांचा गोळा, कुणालाच वाचता न येणारा. सोबत कंपनीच्या माणसाची गोड चिठ्ठी की चाचणी झालेली आहे, काळजी नसावी. त्याखाली राखणदाराची मंजुरी.

"कुणाची?" बाबांनी विचारलं.

"आजोबांची. पण ते न वाचता कधीच..."

बाबांनी त्यांना कॉलर धरून फळ्यांच्या थप्पीवर आपटलं. नाव सांग, पत्ता सांग. सरांच्या नाकातून रक्ताची धार लागली. दुसऱ्या फटक्याला त्यांनी जे तोंडात आलं ते सांगून टाकलं. नाक्यावरचा रेडिओ दुरुस्त करणारा म्हातारा असेल कदाचित, एकटाच असतो, सतत कॉम्प्युटरपुढे बसलेला दिसतो.

बाबा निघाले तसे वखारीतले सगळे निघाले. कुणाच्या हातात दांडकं, कुणाच्या हातात लोखंडी पहार. भिंगरी त्यांच्यापुढे धावली आणि दुकानाच्या दारात हात पसरून उभी राहिली.

"बाबा, हे नाहीत ते."

"तुला काय माहीत?"

तिने ओठ चावला. मग म्हणाली, "त्यांना पडद्यावरची अक्षरंही धड दिसत नाहीत. रोज शाळेनंतर त्यांच्या कॉम्प्युटरवरचं मी वाचून दाखवते त्यांना."

"मग न बघताच मंजूर केलं असेल," बाबा म्हणाले आणि तिला बाजूला ढकललं.

म्हातारा सोल्डरिंगची कांडी हातात घेऊन बसला होता. काय झालं रे बाळांनो, एवढंच त्याला विचारता आलं. पहिल्या दांडक्याने चष्मा फुटून डोळ्यात गेला. तो टेबलाखाली शिरला, तर पाय धरून त्याला बाहेर ओढलं. रेडिओ त्याच्या अंगावर फुटत होते. त्याचा उजवा हात बाबांनी स्वतः उंबऱ्यावर धरला आणि पहार घेतलेल्याला मान हलवून खूण केली. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. भिंगरी बाबांच्या दंडाला लोंबकळली, चावली, ओरडत राहिली. त्यांनी तिला माशीसारखं झटकलं.

संध्याकाळी बाबा मोरीत हात धूत होते. नखांतलं निघता निघत नव्हतं. आईने ताटं वाढली होती, पण जेवायला कुणी बसेना. शेजारीण सांगून गेली की म्हातारा शुद्धीवर नाही आणि एक डोळा गेलाच. पोलीस येऊन गेले होते. म्हातारा जिन्यावरून पडला, असं सगळ्या गल्लीने सांगितलं होतं.

"तू काही पाहिलं नाहीस," बाबा टॉवेलला हात पुसत म्हणाले. "तुझ्या काकाच्या हातासाठी केलं मी हे."

आई म्हणाली, "ऐक गं बाबांचं. त्या मेल्याने मंजुरी दिली नसती, तर ही वेळच आली नसती."

भिंगरी पायात चपला सरकवत होती. सकाळी वर्गात होता तसाच तिचा आवाज निघाला, अगदी दारापर्यंत पोचणारा.

"मी चौकीत चाललेय. तुम्ही काय केलंत ते सांगणार आहे. आणि ती मंजुरी मी दिली, कंपनीच्या चिठ्ठीवर विसंबून, न वाचता, हेही. आजोबा मीच आहे, बाबा."