निळा न पडलेला बटाटा

काढणी संपली की ढिगातला एक बटाटा सगळ्यांसमोर चिरायचा, ही खडकवाडीची रीतच झाली होती. बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याने जमिनीत सोडलेलं विष शोषून घ्यायलाच हे वाण तयार केलं होतं. बटाट्यात विष उतरलं असेल, तर चिरल्याबरोबर तो निळा पडे. मग सगळा ढीग इक्बालच्या ट्रकमधून भट्टीत जाई. वीसेक वर्षं हेच चाललं होतं. गावात बटाटा म्हणजे जाळायची वस्तू. विकतचासुद्धा कोणी घरात आणत नसे.

यंदा हौसाबाईंनी बटाटा चिरला आणि त्या बघतच राहिल्या. फोडी पांढऱ्याशुभ्र होत्या. पोरं नाचायला लागली, कुणी हलगी आणायला पळालं. पण हलगी येईपर्यंत फोडी तांबूस पडल्या, मग काळपट.

"विष आहे गं बाई अजून," म्हणत हौसाबाई मटकन खाली बसल्या. इक्बालने ढीग भरायला ट्रकचा फाळका पाडला.

हे वाण तयार करणाऱ्या शलाका मॅडम मात्र पोट धरून हसत होत्या. "मावशी, चिरलेला बटाटा उघडा राहिला की काळा पडणारच! पाण्यात नाही का टाकायचा?"

हौसाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "नवी नवरी होते तेव्हा रोज टाकायचे की! विसरलेच बघा."

बांधावरच चूल पेटली, कढई चढली.

"मी भट्टीवर काय सांगू?" इक्बालने विचारलं.

हौसाबाईंनी त्याच्या हातात भाजीची ताटली ठेवली. "सांग, यंदाचा माल आपणच खाल्ला."