शुद्धलेखन

हाटकेश भागातल्या फ्लॅटमध्ये रिबेका आपल्या चार मुलांची शाळा जेवणाच्या टेबलावरच भरवायची. प्रार्थना, पाढे, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला मधली सुट्टी. मंगळवारी शाळेत न जाणाऱ्या मुलांची नोंद करणाऱ्या बाई दारात आल्या. शेजारच्या हंसाबेननी सांगून टाकलं, “चारों घर पे हैं!” यादीत नाव गेलं की घरची शाळा बंद! “कितवीत गं तू?” बाईंनी सात वर्षांच्या शलोमीला विचारलं. खोटं न बोलायला रिबेकानेच शिकवलेलं. “गणितात चौथी, मराठीत तिसरी, बायबलमध्ये कालपासून नापास.” बाईंनी हसून तिच्या नावापुढे एक शब्द लिहिला. शलोमीने वाकून वाचला. “बाई, ‘शाळाबाह्य’ चुकलं. आधी ह, मग य.” “घे पेन, कर दुरुस्त.” रिबेकाच्या घशातून ‘नको’ निघेपर्यंत शलोमीने वळणदार अक्षरात शब्द लिहून खाली पट्टीने रेघही मारली.