डावरी गाठ

माणच्या माळावर साहेबलोकांनी खोल भोक पाडलं आणि अणुभट्टीतलं जळून संपलेलं इंधन परीक्षेसाठी तळाच्या पाण्यात सोडलं. "ह्याच्या किरणांनी पाणी बदलतं, आणि तेच पाणी मग ह्याला कुरतडतं," असं त्यांनी राखणदार मानसिंगला समजावलं. पाण्याला किती धार चढली ते कळावं म्हणून भोकात सोडलेल्या दोराला एक लोखंडी पट्टी बांधली होती. दर सोमवारी ती ओढून बघायची, पुन्हा सोडायची. चार वर्षांत मानसिंगचे खांदे पार आंबून गेले होते.

त्या सोमवारी पट्टी वर आली ती नखाएवढी उरलेली. ती सोडवताना मानसिंग थबकला. पलटणीत शिकलेली गाठ तो चार वर्षं मारत आला होता. ही गाठ त्याची नव्हती. डावऱ्या हातानं मारलेली होती.

कुणाला सांगायचंही त्राण उरलं नव्हतं. विळ्यानं गाठ कापून तो भर दुपारी घरी आला.

त्याची बायको राहीबाई घरामागच्या परड्यातल्या आडापाशी उभी होती.

"आवं, पोहऱ्याची गाठ तुमी बदलली व्हय? लय आवळलीया, सुटंना."

मानसिंगनं दोर हातात घेतला. गाठ डावरी होती.

आत्ताच पाणी पिऊन राहीबाई पदरानं ओठ पुसत होती.