कोण बोललं?

आम्ही बसवत होतो त्या जुन्या शोकांतिकेत राजा भर दरबारात स्वतःच्या मुलीला देहदंड सुनावतो, तेव्हा कुणीतरी म्हणतं, "सोड तिला." कोण, ते संहितेत लिहिलेलं नाही. राजा "कोण बोललं?" म्हणून गरजतो, सगळे गप्प राहतात आणि मुलगी मरते.

"आकाशवाणी आहे ती," तालमीत दिग्दर्शक म्हणाला.

भाषांतर माझं होतं, म्हणून चाचरत म्हणालो, "मला वाटतं, म्हातारा मंत्री असावा."

"काका, तो मंत्री अख्ख्या नाटकात ब्र काढत नाही. अगदी तुमच्यासारखा!"

सगळे हसले. मीही हसलो आणि खाली अंधारात माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो.

मग त्याने राजकन्येचं काम करणाऱ्या मुलीला पुन्हा गुडघ्यांवर पडायला लावलं. एक गुडघा आधीच फुटला होता.

"सर, रक्त येतंय."

"येऊ दे. नाजूकपणा घरी ठेवून यायचा. पड!" त्याने तिचा दंड पिरगळला आणि तिला खाली ढकललं.

"सोड तिला!"

"कोण बोललं?" तो गरजला. त्याने सगळे दिवे लावायला सांगितले आणि एकेकाचं तोंड न्याहाळलं. माझ्यावर त्याची नजर थांबलीसुद्धा नाही. गप्प बसलो असतो, तर ती आकाशवाणीच ठरली असती.

मी पुढची खुर्ची धरून उभा राहिलो.

"म्हातारा मंत्री," म्हणालो.